सांगून न्यावं की न सांगता? मुलांना दवाखान्यात नेण्याच्या दोन पद्धती

लसीची तारीख शनिवारची असते. गुरुवारी रात्री ओटा आवरताना हलक्या आवाजात विषय निघतो, ‘हिला आत्ता सांगायचं, की शनिवारी थेट गाडीवर बसवायचं?’ लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत हे बोलणं कधी ना कधी होतं आणि बहुतेक वेळा ‘कशाला उगाच आधीपासून रडवायचं’ यावर मिटतं. आमच्याकडेही बरीच वर्षं तसंच मिटत होतं.

आमच्या घरात दोन्ही प्रकार होऊन गेलेत. थोरल्याला आम्ही न सांगता न्यायचो, धाकटीला सांगून नेतो. थोरला आता दहाचा आहे, धाकटीला पाच पूर्ण झाली. दोन मुलं म्हणजे काही अभ्यास नव्हे. त्यात दोघांचे स्वभाव पाळण्यापासून वेगळे, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं किती पद्धतीमुळे झालं आणि किती स्वभावामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ज्यांच्या घरी हा निर्णय सध्या अडलाय त्यांना दोन्हीकडचा अनुभव एका जागी मिळावा म्हणून लिहितो. कुठली लस कधी, ताप आला तर काय द्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच. त्यात मी पडत नाही.

आधी न सांगता नेण्याबद्दल, कारण ती बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे.

पहिलं वर्ष-दीड वर्ष तर हा प्रश्नच नसतो. जन्मल्यावर बीसीजी म्हणजे क्षयाची लस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या फेऱ्या, नऊ महिने भरले की गोवर-रुबेला. या वयात बाळाला शब्द कळत नाहीत, धरणाऱ्याचे हात कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस टोचतानाचं दुखणं कमी कसं करावं याबद्दल सल्ले दिले होते. त्यातही तान्ह्या बाळांसाठीच्या गोष्टी याच आहेत: आईने किंवा घरच्या माणसाने जवळ धरावं, अंगावर पिणारं बाळ असेल तर टोचताना किंवा त्याच्या जरा आधी पाजावं, एकाच खेपेला दोन-तीन लशी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. यात आधी सांगण्याचा काही संबंधच येत नाही. बाळ रडतं, खांद्यावर घेतलं की गप्प होतं, घरी येईपर्यंत झोपतं.

दुसरी गोष्ट, काही मुलं खरोखरच फार आधीपासून घोकत बसतात. माझ्या बहिणीच्या मुलाला तिने चार दिवस आधी सांगितलं, आणि ते चारही दिवस तो पोर ताटावर बसला की आधी ‘आज आहे का?’ विचारायचा. बिचारीने पुन्हा तसं केलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिसरी गोष्ट अगदी व्यवहारातली. रात्री दोनला ताप चढला, बागेत पडून हनुवटी फुटली, तेव्हा कोण बसून समजावत राहणार? उचलायचं आणि निघायचं.

थोडक्यात, न सांगता नेणारे आईबाप निष्काळजी असतात असं मला मुळीच वाटत नाही. उलट काळजीपोटीच ते होतं. आमचंही तसंच झालं.

अडचण येते ती मुलाला बोलता यायला लागल्यावर. अडीच-तीन वर्षांचं मूल चपला घालताना हमखास विचारतं, ‘कुठे चाललोय?’ न सांगता नेणं ही पद्धत हा प्रश्न येत नाही तोवरच चालते. एकदा तो आला की गप्प बसून भागत नाही. एकतर ‘दवाखान्यात’ म्हणायचं, नाहीतर दुसरं काहीतरी म्हणायचं. म्हणजे जे कालपर्यंत नुसतं न सांगणं होतं, ते त्या क्षणी खोटं सांगणं होऊन बसतं. आपण पद्धत बदलली असं आपल्याला वाटतही नाही, इतकं ते सहज होतं.

माझ्याकडून ते कोविडच्या आधीच्या एका मे महिन्यात झालं. पावसाळ्याच्या तोंडावर थोरल्याला फ्लूची लस द्यायची होती. तो साडेतीन वर्षांचा. आम्ही सिंहगड रोडला राहतो. गाडीवर तो पुढे उभा, दोन्ही हात आरशांच्या दांड्यांवर. निघताना त्याने विचारलं, ‘बाबा, कुठे चाललोय?’ आणि मी म्हणालो, ‘फुलराणीत बसायला.’

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, फुलराणी म्हणजे पेशवे पार्कातली मुलांची छोटी आगगाडी. १९५६ सालची. माझे बाबा तिच्यात बसले, मी बसलो आणि थोरल्याला तर तिचं वेडच होतं. आमच्या घरून दांडेकर पुलापर्यंत फुलराणीचा आणि दवाखान्याचा रस्ता एकच आहे, म्हणून तिथवर माझं बोलणं त्याला खरंच वाटत होतं. तो सारा रस्ता झुकझुक करत होता. पुलाजवळ मी सरळ जायचं सोडून आतल्या गल्लीत गाडी वळवली. झुकझुक थांबली. त्याने मान मागे टाकून उलट्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. रडला नाही. आरशाची दांडी सोडून त्याने माझं मनगट धरलं, एवढंच.

दवाखान्यात जे व्हायचं ते झालं. डॉक्टर चांगले होते. हातात मोबाईल दिला, त्यावर त्याचं आवडतं कार्टून लावलं, तो त्यात गुंतला आणि बाजूने सुई गेली. पाच-सात मिनिटं रडला. मग मला वाटलं, बोललोय तर खरंही करावं, म्हणून तसाच त्याला पेशवे पार्कात घेऊन गेलो. तो फुलराणीत बसला, पूर्ण फेरी मारली, पण झुकझुक म्हणाला नाही. ते कार्टूनही त्याने पुढे बरेच दिवस लावू दिलं नाही.

हे इथवरच राहिलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण मग ‘खरंच?’ सुरू झालं. आजीकडे चाललोय म्हटलं की ‘खरंच आजीकडे?’ भाजी आणायला चाललोय, ‘खरंच भाजी?’ गाडी कुठल्याही गल्लीत वळली की मनगटावर हात. ब्रेक त्याच हाताने दाबायचा असतो, त्यामुळे ते धोक्याचंही होतं. मी दर वेळी ‘हो रे, खरंच’ म्हणायचो. पण फुलराणीच्या दिवशीही मी ह्याच आवाजात बोललो होतो. त्याने काय म्हणून विश्वास ठेवायचा?

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी त्याला रस्ताभर शाळेबद्दल सांगत नेलं. झोका आहे, रंग आहेत, मुलं आहेत. सगळं खरं होतं. फाटकाशी निळी साडी नेसलेल्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांना बघितल्यावर तो जो माझ्या पायाला बिलगला तो सुटेना. बाईंना वाटलं, शाळेची भीती आहे, होईल सवय. मलाही तेच वाटलं असतं. पण त्याने एका हाताने दुसऱ्या हाताची बाही खाली ओढून धरली होती, घट्ट, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. मुठीतली ती बाही बघितली आणि माझ्या लक्षात आलं, त्याला शाळेची भीती वाटतच नव्हती. ही शाळा आहे यावरच त्याचा विश्वास नव्हता.

निर्णय माझ्यापुरता तिथे झाला. टोचल्याचं रडू पाच मिनिटांचं असतं, ते कुठल्याही पद्धतीत असतंच. पण शाळेत, आजीकडे, बागेत नेताना माझ्या शब्दाला उरलेली किंमत हा दवाखान्याच्या बाहेरचा खर्च होता, आणि तो आम्ही कितीतरी महिने भरत राहिलो.

धाकटीच्या वेळी म्हणून आधीच ठरवलं होतं, विचारायला लागली की सांगायचं. यातही सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती तीनची होती आणि आम्ही झोपताना सांगितलं. गोष्ट संपली, दिवा मालवला, तेव्हा. रात्रीत दोनदा उठली. त्यानंतर आम्ही सकाळी, नाश्ता झाल्यावर सांगायला लागलो, दवाखान्याच्या दीड-दोन तास आधी. तेवढ्यात तिचे प्रश्न विचारून व्हायचे आणि घोकत बसायला वेळ उरायचा नाही. आता पाचव्या वर्षी आदल्या संध्याकाळी सांगितलेलं चालतं, फक्त जेवणाआधी. मला वाटतं, किती आधी सांगायचं हे वयापेक्षा मुलाच्या प्रश्न विचारण्याच्या सवयीवर ठरवावं. बहिणीच्या मुलाला चार दिवसांऐवजी चार तास आधी सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित नसतंही.

शब्दांचं मात्र मी ठाम सांगेन. ‘दुखणार नाही’ हे वाक्य काढून टाकावं. आमच्याकडे ‘चिमटा काढल्यासारखं दुखेल, थोडा वेळ’ असं म्हणतात. वर ज्या सल्ल्यांचा उल्लेख केला त्यांतही खोटा दिलासा देणारं बोलणं टाळावं असं स्पष्ट म्हटलंय. याला एक जोडकाम आहे, ते म्हणजे दवाखान्यातल्या माणसांनाही आधी सांगून ठेवणं. ‘काही नाही, काही नाही, मुंगी चावली’ हे त्यांच्या तोंडी इतकं बसलेलं असतं की तुमची सगळी तयारी त्या एका वाक्यात वाहून जाते. मी नंबर लावतानाच सांगतो, ‘तिला माहितीये टोचणार आहेत, तुम्ही सरळ सांगा.’ आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

याच ओघात ‘पेनलेस’बद्दल सांगून टाकतो, कारण या शब्दाने बरेच आईबाप फसतात. खाजगी दवाखान्यात डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा, जो दुसरा प्रकार मिळतो, त्याला सगळे पेनलेस म्हणतात. त्यात मागाहूनची सूज आणि ताप कमी असतो, हे खरं. सुई मात्र तीच, टोचायचं तेच. आईबाप नाव ऐकून मुलाला ‘ही दुखत नाही बरं का’ म्हणून बसतात, आणि मग ते फुलराणीचंच होतं. घ्यायची तर जरूर घ्या, पण ते नाव मुलाच्या कानावर घालू नका.

आता घरातल्या मोठ्या माणसांचा मुद्दा. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई देतील’ हे वाक्य माझ्या आईने दोन्ही नातवंडांना किती वेळा ऐकवलं असेल, गणती नाही. तिच्या आईने तिला ऐकवलं होतं, तिने मला. न सांगता नेण्याच्या पद्धतीत हे वाक्य खपून जातं, कारण तिथे दवाखाना हा विषय तसाही लपवायचाच असतो. सांगून नेण्यात ते अजिबात बसत नाही. सकाळी शिक्षा म्हणून सांगितलेली सुई दुपारी औषध कशी होणार? मी आईशी बोललो. तिला सवय मोडायला पंधरा-वीस दिवस लागले, आणि मग तीच आमच्या पद्धतीची सगळ्यात मोठी आधार झाली.

झालं असं की एका दुपारी धाकटीने आजीच्या दंडावरचे दोन गोल, खळगे पडलेले व्रण बघितले. ‘आजी, हे काय?’ आई म्हणाली, ‘देवी काढल्या होत्या मला. गावात माणूस यायचा देवी काढायला. मी कणगीमागे लपले होते, मामाने ओढून काढलं.’ धाकटीने दोन्ही खळग्यांत बोट घालून बघितलं. दुखलं का, किती दुखलं, रडलीस का, सगळं विचारून झालं. आईने खरं सांगितलं: ‘दुखलं. फोड आला. खपली धरली. रडले की.’ मग आमच्या सगळ्यांच्या बाह्या वर झाल्या. माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा बारका ठसा आहे, धाकटीच्याही आहे, पण देवीच्या लसीचा नाही. ‘तुला का नाही?’ तर म्हटलं, मी जन्मलो तेव्हा तो आजारच उरला नव्हता. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि १९८० मध्ये सगळ्या जगातून तो गेला.

आपल्याकडे देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ या दिवशी, ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. हे मी धाकटीला सांगितलं तेव्हा तीही तीन वर्षांचीच होती. ‘तिला सांगितलं होतं का तिच्या बाबांनी?’ असं तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पण ‘का टोचतात’ याची समजूत घालायला मी जी दहा वाक्यं मनात तयार केली होती, ती आजीच्या दंडापुढे लागलीच नाहीत. तुमच्या घरात त्या पिढीचं कुणी असेल तर हे साधन फुकट पडून आहे, एवढं सुचवतो.

खेळण्यांचं म्हणाल तर आम्ही दोन्ही करून बघितलं. प्लॅस्टिकचा डॉक्टर सेट आणला होता. वाईट काही नाही, पण त्यातल्या इंजेक्शनने सगळा खेळ खाऊन टाकला. बाहुलीला टोच, आजोबांना टोच, सोफ्याला टोच. खऱ्या दवाखान्यात दहापैकी आठ वेळा टोचत नाहीतच. वजन, घसा, पोट, कान, एवढंच होतं. खेळात मात्र सुई एवढी मोठी झाली की दवाखाना म्हणजे सुईच. त्यापेक्षा आमच्याकडे कागदाची नळी जास्त चालली. स्टेथोस्कोपची सुरुवातच तशी झाली आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि कान टेकला. आम्ही कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान घेतलं, घट्ट गुंडाळलं, रबर लावलं. तिने माझ्या छातीला लावून ऐकलं, मग मी तिच्या. तिची धडधड भरभर, माझी सावकाश. ‘बाबा, तुझं हळू चालतं, तू म्हातारा आहेस का?’ असं म्हणून तिने आजीचंही ऐकलं. मग बॅटरी घेऊन एकमेकांचे घसे बघितले, चमच्याचा दांडा जिभेवर ठेवून ‘आ’ केलं. दवाखान्यात डॉक्टरांनी लाकडी पट्टी उचलली तेव्हा तिने त्यांच्या आधीच आ केला होता.

चॉकलेटचा एकच नियम आम्ही पाळतो: आधी कबूल करायचं नाही. ‘रडली नाहीस तर देईन’ म्हटलं की मुलाला नक्की कळतं, पुढे रडण्यासारखं काहीतरी आहे, आणि वर रडायचीही चोरी होते. नंतर द्या खुशाल. मोबाईलचं असं, की सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवणं उपयोगी पडतं हे डॉक्टरही सांगतात. धाकटीलाही आम्ही तो देतो, पण टोचणार आहेत हे तिला ठाऊक असताना. थोरल्याला तो ठाऊक होऊ नये म्हणून दिला होता. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावायचं असतं, तेही न सांगता लावता येत नाहीच. मूल सुईला फारच घाबरत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारून बघा. आम्हाला गरज पडली नाही.

खाजगी की सरकारी, यावर लोक हमखास विचारतात. माझ्या मते या विषयात त्याने फार फरक पडत नाही. खाजगीत खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात. धाकटीचा पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर आम्ही मनपाच्या दवाखान्यात घेतला. तिथे बाकं, रांग आणि भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, बाकी काही नाही. पण तिथल्या सिस्टर भारी होत्या. धाकटीने विचारलं, ‘आता टोचणार?’ त्यांनी कार्डावरून मान वर न करता सांगितलं, ‘आता नाही. आधी लिहिते. मग कापसाने पुसते. मग टोचते.’ धाकटी त्यांचं पेन बघत राहिली. लिहून झालं, कापूस झाला, आणि तिने स्वतःच बाही आणखी वर सरकवली.

रडली. चांगली मोठ्याने रडली. तिने रडू नये अशी आमची अपेक्षाही नव्हती. तेव्हा आम्ही ‘मी पाच मोजेपर्यंत कमी होईल’ असं सांगायचो. मी पाच मोजले आणि ती रडत रडत म्हणाली, ‘झाले पाच, अजून दुखतंय.’ तेव्हापासून आकडा सांगायचं सोडलं, नुसतं ‘थोडा वेळ’. अर्धा तास बसवून घेतात तेवढ्यात ती शेजारच्या बाळाच्या आईला आपली धडधड किती भरभर आहे ते सांगायला लागली होती.

सांगून नेण्यातला खरा त्रास मला दुसऱ्या दिवशी कळला. हात दुखेल हे मी तिला सांगितलं होतं. ताप येऊ शकतो हे सांगायचं राहिलं होतं, आणि रात्री ताप आला. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ती म्हणाली, ‘ताप येईल हे नाही सांगितलंस.’ ही पद्धत घेतली की मूल असा हिशेब मागतं. तुम्हाला आधी स्वतः डॉक्टरांना विचारून ठेवावं लागतं, काय काय होऊ शकतं, किती वेळ, कुठे, आणि ‘मला माहीत नाही, आपण तिथे विचारू’ हेही म्हणावं लागतं. ज्यांच्याकडे सकाळची धावपळ आहे त्यांना हे जड वाटू शकतं. मला तरी हा त्रास परवडला. त्या वाक्यात तक्रार होती, पण ती अशा माणसाबद्दल होती ज्याने बाकीचं सगळं खरं सांगितलं होतं.

तेव्हा निवडायचंच झालं तर मी असं सुचवेन. मूल दोनच्या आत असेल तर सांगण्या-न सांगण्याची चिंता सोडा, जवळ धरा आणि स्वतः शांत राहा. रात्रीअपरात्रीचं दुखणं असेल तर उचलून निघा, वाटेत दोन वाक्यं सांगितली तरी पुरेत. मूल फारच घाबरट असेल, दवाखाना म्हटलं की उलटी करत असेल, तर आधी डॉक्टरांशीच बोला. अशा मुलाबद्दल माझ्या दोन मुलांच्या अनुभवावरून काही सांगणं बरोबर नाही. बाकी, तुमच्याकडचं पिल्लू चपला घालताना ‘कुठे चाललोय’ विचारायला लागलं असेल, तर मला वाटतं न सांगता नेण्याचे दिवस तिथे संपले.

थोरल्याबद्दल सांगायचं राहिलं. यंदा त्याला दहा पूर्ण झाली आणि दहाव्या वर्षी घ्यायचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन आलं. त्याने स्वतःच आठवडाभर आधी तारीख विचारून घेतली आणि कॅलेंडरवर खूण केली. निघताना धाकटीने त्याला दारातूनच बजावलं, ‘दादा, हात सैल सोड, घट्ट केलास की जास्त दुखतं.’

तो आता गाडीवर मागे बसतो. दांडेकर पूल आला तसा त्याचा हात माझ्या खांद्यावर आला.

‘बाबा, दवाखान्यातच ना?’

‘हो. दवाखान्यात. टीडीचं इंजेक्शन, दंडावर. थोडं दुखेल, संध्याकाळी हात जड होईल.’

‘आणि ताप?’

‘येऊ शकतो.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि मी गाडी गल्लीत वळवली.